न सरकणारा ठिपका

सरांना मागून हाक मारायची वेळ कधी कुणावर आली नाही. हाक तोंडातून निघायच्या आतच त्यांची मान वळलेली असायची. चालताना, जेवताना, बँकेच्या रांगेत उभं असताना ते दर थोड्या वेळाने डावीकडून उजवीकडे पाहत, मग वर पाहत, आणि बोलणं जिथे सोडलं असेल तिथून पुढे चालू करत. नव्या माणसाला वाटे, यांना कुणाची तरी भीती आहे, नाहीतर यांचं आपल्याकडे लक्ष नाही. दोन्ही खोटं होतं. आजूबाजूच्या गावांतले लोक त्यांना घुबडमास्तर म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. "घुबडाची मान माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त वळते," ते एकदा म्हणाले. "मला उगाच मोठेपणा देतात."

गोंदिया शहराबाहेर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध, एक गवती धावपट्टी होती आणि तिच्यावर ग्लायडर उडवायला शिकवणारं आमचं लहानसं केंद्र. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. धावपट्टीच्या एका टोकाला विंच असतो, म्हणजे डिझेलवर चालणारा मोठा रहाटच. तो लांबलचक तार गुंडाळत जातो आणि दुसऱ्या टोकाचं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. वर गेलं की तार सोडायची, आणि पुढे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा शोधत फिरायचं. सर तिथले एकुलते एक शिक्षक. त्याआधीची वर्षं त्यांनी लष्करी विमानं चालवण्यात घालवली होती. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची हिंमत फक्त आमच्या विंचवाल्या रामेश्वरने केली होती. त्याला उत्तर मिळालं होतं, "राहून गेलं."

मी केशोरीची. घरी धानाची शेती, मी गोंदियात बी.एस्सी. झालेली, आणि केंद्राला रेडिओवर बसायला कुणीतरी हवं आहे एवढंच ऐकून आलेली. सरांनी माझे कागद उघडलेसुद्धा नाहीत. मला बाहेर उन्हात उभं केलं आणि विचारलं, "आत्ता आकाशात काय काय आहे?"

मी वर पाहिलं. म्हटलं, "घारी आहेत. घिरट्या घालताहेत."

"अजून?"

"काही नाही."

"तिकडे पाहा." दूर तळ्याच्या काठावरून सारसांची जोडी उडत चालली होती, झाडांच्या रेषेला लागून. मला खरंच दिसली नव्हती. "आणि सूर्य," सर म्हणाले. "सूर्य विसरायचा नाही. ज्याला तुम्हाला दिसायचं नसतं तो सूर्यातून येतो. उद्यापासून या."

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. मला, रामेश्वरला, शाळेतून सहलीला येणाऱ्या पोरांना, धावपट्टीवर येऊन झोपणाऱ्या पिवळ्या कुत्र्यालासुद्धा. "तुम्ही जरा बाजूला होता का?" असं त्या कुत्र्याला म्हणताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे. कुत्रं व्हायचंही बाजूला.

दुसरी खोड म्हणजे, त्यांनी सांगितलेलं समोरच्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय ते सांगितलं गेलं असं ते मानत नसत. रेडिओवर हा नियमच असतो. सूचना ऐकणाऱ्याने ती उलट बोलून दाखवायची, म्हणजे चुकीचं ऐकलं असेल तर तिथेच कळतं. सरांनी तो नियम सगळ्या आयुष्याला लावला होता. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ते म्हणत, "दोन कट, एक बिनसाखरेचा," आणि टपरीवाल्याकडे पाहत उभे राहत. तो बिचारा आधी गोंधळायचा. पुढे सरावला. "दो कट, एक फीका, ओवर," असं ओरडून मगच तो गाळणी उचलायचा.

आणि टिकल्या. गोंदियाच्या बाजारात बायकांच्या सामानाच्या दुकानातून सर महिन्या-दोन महिन्यांनी टिकल्यांची पाकिटं आणत. दुकानातल्या बाईने पहिल्यांदा विचारलं होतं, "भाभीजी को कौनसा कलर पसंद है?" सर म्हणाले, "काळा. सगळ्यात लहान." रामेश्वरने शेवटी त्यांना सांगितलं, "सर, पुरा बजार पुसून राहिला, हे कोनासाठी नेता म्हनून."

"सगळ्यांसाठी," सर म्हणाले. रामेश्वरने कपाळाला हात लावला.

त्या टिकल्या कशासाठी हे मला शिकायला लागल्यावर कळलं. वर्षभर रेडिओवर बसल्यावर मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "सर, मला पण शिकायचं आहे." त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही याच्या आधी विचाराल."

पहिला धडा ग्लायडरमध्ये झालाच नाही. केंद्राच्या जुन्या जीपमध्ये झाला. धावपट्टीच्या पलीकडे दोन पांदण रस्ते तिरपे येऊन एकमेकांना छेदतात. सरांनी रामेश्वरला एका रस्त्याने ट्रॅक्टर घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या रस्त्याने आम्ही जीपमधून निघालो. ते चालवत होते, मी बाजूला. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझ्या हातात टिकली दिली. "काचेवर ट्रॅक्टर जिथे दिसतो आहे, तिथे लावा. आता मान हलवू नका."

मी लावली. ट्रॅक्टर टिकलीच्या आड गेला.

"सरकतो आहे का?"

"नाही सर. आहे तिथेच आहे."

"मग काय होणार?"

मला वाटलं, जो जागचा हलत नाही त्याची काय भीती? मी तसं म्हटलंही. जीप चालत राहिली. ट्रॅक्टर टिकलीच्या मागेच राहिला, फक्त मोठा होत गेला. आधी टिकलीच्या कडेने चाकं दिसायला लागली, मग रामेश्वरचा गमछा, मग त्याचं तोंड, आणि ते तोंड ओरडत होतं. सरांनी करकचून ब्रेक मारला. ट्रॅक्टर आमच्या नाकासमोरून गेला.

"माहा जीव घेता का सर!" रामेश्वर खाली उतरून म्हणाला. "ब्रेक लागला नसता त?"

"लागला," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काचेवर जे सरकतं ते जाऊ द्या. ते तुमच्या पुढून नाहीतर मागून निघून जाणार आहे. जे सरकत नाही, फक्त मोठं होतं, ते तुमच्याकडे येतं आहे. आणि डोळ्याची खोड अशी की त्याला हलणारं लगेच दिसतं, न हलणारं दिसत नाही. म्हणून डोळ्याच्या भरवशावर राहायचं नाही, मान वळवायची. म्हणा."

मी परत म्हणून दाखवलं.

हे सगळं आमच्या आकाशात नुसतं शिकवण्यापुरतं नव्हतं. धावपट्टीच्या पूर्वेला लष्करी विमानांचा कमी उंचीवरून उडण्याच्या सरावाचा पट्टा होता. ती विमानं कधी दिवसचे दिवस फिरकायची नाहीत, कधी एकाच सकाळी दोन-तीन जायची. त्यांचं काम महत्त्वाचं होतं, आकाश त्यांचंही होतं, आणि त्यांच्याकडून काही चुकत होतं असं नाही. अडचण एवढीच की ग्लायडर पांढरं, सुरीसारखं बारीक, आवाज नसलेलं. आणि समोरून येणारं विमान इतकं वेगात की ठिपका दिसण्यापासून ते अंगावर येण्यापर्यंत एक श्वास घेऊन सोडायला मिळाला तर मिळाला. शिवाय ग्लायडरला जोर करून पळता येत नाही. आहे त्या उंचीवर, आहे त्या वेगात जे जमेल ते.

आमच्या ग्लायडरमध्ये एक डबा बसवलेला होता. दुसरं ग्लायडर जवळ आलं की तो वाजायचा. मी सरांना म्हटलं, "मग एवढं पाहायचं कशाला?" ते म्हणाले, "डबा फक्त दुसऱ्या डब्याशी बोलतो. ज्याच्याकडे हा डबा नाही, त्याच्यासाठी तुम्ही आकाशात नाहीच." डब्यावर त्यांचा राग नव्हता. रोज सकाळी ते स्वतः त्याची बॅटरी तपासत. पण विद्यार्थ्याची नजर डब्याकडे गेली की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "बाहेर."

लष्कराकडून एखाद्या जबाबदार माणसाने येऊन हे सगळं पाहावं म्हणून सर किती दिवस फोन करत होते कोण जाणे. शेवटी एक तरुण अधिकारी आला. स्वतः वैमानिक, उंच, स्वच्छ मराठी बोलणारा. त्याने आल्या आल्या सांगून टाकलं, "सर, आम्हाला इथे ग्लायडर उडतात हे माहीत आहे. आमचे पायलट बघतात."

"बघतात ना," सर म्हणाले. "चला, आपणही बघू."

गोंदियातला एक राइस मिलवाला आमचा जुना विद्यार्थी होता. तो त्या दिवशी एकटा वर होता. मी रेडिओ घेऊन सरांच्या शेजारी उभी होते. सरांनी अधिकाऱ्याला विचारलं, "आमचं ग्लायडर कुठे आहे सांगा."

त्याने शोधलं. एप्रिल महिना, आकाश पांढुरकं. "सगळं आकाश बघायचं म्हणजे वेळ लागणार," तो हसून म्हणाला.

"नको, सगळं नको. सांगा यांना," सर मला म्हणाले. मी रेडिओवर विचारून सांगितलं, "तळ्याच्या वर आहे. आपल्याकडे तोंड करून सरळ येतो आहे."

अधिकारी तळ्याकडे पाहत राहिला. त्याने गॉगल काढला, पुन्हा घातला. एक पाऊल पुढे गेला. आता हसत नव्हता. मलाही दिसत नव्हतं, आणि मला तर कुठे पाहायचं ते पाठ होतं.

"वळायला सांगा," सर म्हणाले.

मी सांगितलं. आणि तळ्याच्या वरच्या रिकाम्या आकाशात, आम्ही तिघं इतका वेळ जिथे पाहत होतो तिथेच, उन्हात एक लांब पंख लखकन चमकला. खूप जवळ होता.

"हा इथेच होता?" अधिकारी म्हणाला.

"इथेच होता."

मग सरांनी त्याला जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते तरुण असताना उत्तरेकडच्या एका तळावर होते. एक दिवस नेहमीसारखे उडून आले, उतरले, जेवले. दुपारी तळाच्या फाटकावर एक म्हातारा ग्लायडरवाला आला. त्याने आरडाओरडा केला नाही, तक्रारही केली नाही. सकाळी या या वेळी आलेल्या विमानाचा वैमानिक कोण, एवढंच विचारत होता. सर पुढे गेले. म्हातारा त्यांच्याकडे नुसता पाहत उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही माझ्या इतक्या जवळून गेलात की मला तुमचं हेल्मेट दिसलं. तोंड दिसलं नाही. म्हणून आलो."

"मी त्याला पाहिलंच नव्हतं," सर म्हणाले. "मी झोपलेलो नव्हतो, दमलेलो नव्हतो, नियम मोडलेला नव्हता. मी बघत होतो. तुमचे पायलट बघतात तसाच. तो फाटकावर आला नसता तर तो सकाळी आकाशात होता हेसुद्धा मला जन्मात कळलं नसतं."

अधिकाऱ्याने गॉगल काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "सर, मला एकदा वर न्याल?" सरांनी नेलं. खाली आल्यावर दोघं झाडाखाली नकाशा पसरून बसले. आम्ही कुठवर जायचं, त्यांनी कुठून वळायचं, रेल्वेचा रूळ आणि मोठं तळं या हद्दी धरून सगळं ठरलं. ग्लायडर उडणार असतील त्या दिवशी सकाळी सर फोन करणार, आणि अचानक मार्ग बदलावा लागला तर त्यांचा वैमानिक आमच्या रेडिओवर येऊन सांगणार. ग्लायडरच्या पंखांच्या टोकांना आम्ही भगवा-नारिंगी पट्टा मारायचा. तो रंग रामेश्वरने लावला आणि उरला तेवढा विंचलाही लावून टाकला.

त्यानंतर रोज सकाळी तो फोन झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर चालणार नाही का, असं पलीकडून एकदा विचारलं गेलं. "निळी खूण दिसते, कान दिसत नाही," सर म्हणाले, आणि फोनवरच्या माणसाने सगळं परत म्हणून दाखवेपर्यंत थांबले.

पुढची काही वर्षं चांगली गेली. मी एकटी उडायला लागले. नंतर शिक्षक व्हावं म्हणून सर माझी तयारी करून घेऊ लागले. रेडिओवर माझ्या जागी दीपाली नावाची मुलगी आली. सर माझ्या मागच्या सीटवर बसत. वळण्याआधी मी म्हणायची, "डावीकडे मोकळं," आणि मागे त्यांच्या कपड्यांची सळसळ ऐकू यायची. म्हणजे तेही मान वळवून पाहत. माझ्या 'मोकळं'वर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. कुणाच्याच 'मोकळं'वर ठेवला नाही. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नव्हतं. ते स्वतःच्याही नजरेवर ठेवत नसत.

तो दिवस मार्चमधला. धान कापलेली जमीन तापलेली होती आणि हवा छान उठत होती. दक्षिणेकडे नागझिऱ्याच्या जंगलावर मात्र गारपिटीचे ढग चढत होते. आम्ही परत यायच्या बेतात होतो. तेवढ्यात रेडिओवर दीपालीचा आवाज आला. एक लष्करी विमान ढग टाळायला मार्ग बदलून आमच्या बाजूने येत होतं. ठरल्याप्रमाणे त्यांच्या वैमानिकाने वेळेवर कळवलं होतं आणि तिने आम्हाला वेळेवर सांगितलं. "तुमच्या डावीकडून. उंची जवळपास तुमचीच."

मी सूचना परत म्हटली. मागे कपडे सळसळले. सरांचा आवाज आला, "डावीकडे मोकळं."

मी तरी मान वळवली, कारण त्यांनीच तसं शिकवलं होतं. काचेवर, डाव्या बाजूला, एक करडा ठिपका होता. मी एक क्षण पाहिलं. तो सरकत नव्हता.

"सर, आहे!"

"कुठे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा शब्द मला कधी विचारला नव्हता. उलट मीच त्यांना विचारायची. मी म्हटलं, "डावीकडे, पंखाच्या किंचित पुढे, सरकत नाही."

मागे पुन्हा सळसळ झाली. आणि मग अगदी शांत, नेहमीच्या आवाजात, "मला दिसत नाही. ग्लायडर तुमच्या ताब्यात. तुम्ही वळवा."

मी उजवीकडे तिरकं टाकलं, जितकं टाकता येईल तितकं, म्हणजे डावा पंख वर उठून त्या वैमानिकाला आमची सगळी रुंदी आणि नारिंगी टोक दिसावं. ठिपका आता ठिपका नव्हता. त्याला पंख फुटले. मग त्यानेही अंग कलतं केलं, त्याचं करडं पोट आमच्या वरून तिरपं निघून गेलं, आवाज त्याच्या मागून आला आणि आवाजामागून हवेचा असा दणका की पट्ट्यात माझे खांदे आवळले गेले. मग काहीच नाही. वाऱ्याची शीळ आणि खाली धानाच्या बांध्या.

रेडिओवर त्या वैमानिकाचा आवाज आला. तुम्ही दिसलात, वळलो, तुम्ही ठीक आहात का, असं तो विचारत होता. मी सांगितलं, ठीक आहोत.

"उतरवा," सर म्हणाले. "घाई नको."

उतरल्यावर मला वाटलं ते त्या प्रसंगाबद्दल बोलतील. पण ते पट्टे सोडून गवतावर बसले आणि रामेश्वरला हाक मारली. "तुमचा तो झेंडा आणा." वारा कळायला लावतो तो लाल झेंडा रामेश्वरने आणला. सरांनी उजवा डोळा तळहाताने झाकला, समोर पाहत राहिले आणि म्हणाले, "माझ्या डाव्या कानाच्या मागून हळूहळू पुढे या. झेंडा हलवत राहा. दिसला की मी सांगतो."

रामेश्वर निघाला. कानाच्या रेषेत आला, खांद्याच्या पुढे आला. सर काही बोलेनात. तो अजून पुढे आला. मी उभी होते तिथून मला दोघंही दिसत होते.

"सर," रामेश्वर हळूच म्हणाला, "मी त तुमच्या समोरच येऊन राहिलो."

"मला तुमचा आवाज तिथून आला," सर म्हणाले. "झेंडा आत्ता दिसला."

मग त्यांनी दुसऱ्या डोळ्याचं केलं. तो बरा होता, पण फार बरा नव्हता.

"दरवर्षी तर डोळे तपासता ना सर?" मी म्हटलं.

"अक्षरं वाचून दाखवतो. अक्षरं समोर असतात."

त्या संध्याकाळी रामेश्वरने त्यांना झाडाखाली गाठलं. मी तिथेच होते. "सर, कोनाले सांगाची गरज काय? हंगाम त आता दोनच महिने राहिला. ह्या बाई हायेत ना पुढं, ह्या पाहतील, तुमी मागं बसून नुस्तं शिकवा. तुमी गेले त हे बंद होऊन जाईल. मंग आमी कायले येथी बसाचं?"

ते खरं होतं. मी अजून शिक्षक झालेली नव्हते. सर उडणार नसतील तर कुणालाच शिकवता येणार नव्हतं, आणि असं केंद्र एकदा बंद पडलं की पुन्हा उघडायला फार जोर लागतो. केंद्र चालवणाऱ्या मंडळींनीही दुपारी फोनवर तेच सुचवलं होतं, जरा गोड शब्दांत.

सर रामेश्वरला म्हणाले, "आज बाईंनी पाहिलं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलता आहात. मी 'मोकळं' म्हणालो होतो. मला खरंच मोकळं दिसत होतं. अंधार दिसला असता तर मी म्हणालो नसतो. जिथे दिसत नाही तिथे अंधार नसतो हो, तिथे आकाशच दिसतं."

रामेश्वर गमछ्याने तोंड पुसत विंचकडे गेला.

मग सरांनी आमच्यासमोरच त्या अधिकाऱ्याला फोन लावला. "आजचा तुमचा वैमानिक," ते म्हणाले, "त्याने सगळं बरोबर केलं. कळवलं, पाहिलं, वळला. मला तो दिसला नाही. माझा डावा डोळा बाजूने गेलेला आहे. उद्यापासून मी उडत नाही. परत म्हणता का?" मग तिकडून त्याने ते परत म्हटलं असावं, कारण सरांनी "बरोबर" म्हणून फोन ठेवला.

गोंदियातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब घालत राहिलात तर आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. सर म्हणाले, "आहे तेवढं पुष्कळ आहे," आणि थेंब कधी घालायचे ते डॉक्टरांना दोनदा म्हणून दाखवलं.

केंद्र बंद झालं. दीपाली एका दवाखान्यात लागली, रामेश्वर शेतीकडे गेला. मी शिक्षकाचा परवाना काढायला दूर गेले. तिथे दोन उन्हाळे लागले. सरांनी हा भाग सोडला नाही. जवळच्याच नागरा गावात एका घरात दोन खोल्या घेऊन राहिले. मी फोन करायची. ते आपल्या तब्येतीचं काही सांगत नसत. मी आज काय चुकले ते विचारत, आणि मी सांगितलं की म्हणत, "बरं, उद्या ते चुकू नका."

मी परवाना घेऊन आले तेव्हा धावपट्टीवर गुडघाभर गवत होतं. रामेश्वरनेच ते कापलं. विंच सुरू व्हायला आठवडा गेला. पहिल्या दिवशी सकाळी लष्कराकडे फोन मी केला. पलीकडे नवा माणूस होता, त्याने न सांगता सगळं परत म्हणून दाखवलं. मग मी नागऱ्याला गेले आणि सरांना म्हटलं, "चला."

"मी आता तुम्हाला वर काही उपयोगाचा नाही."

"उपयोगासाठी नाही. बसायला चला."

ते पुढच्या सीटवर बसले, विद्यार्थी बसतो तिथे. मी मागे. रामेश्वरने त्यांचे पट्टे आवळले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. तार ताणली, आम्ही चढलो. वर गेल्यावर मी तार सोडली. हवा चांगली होती, घारी आमच्या आधी तिथे पोचल्या होत्या. मी त्यांच्या वर्तुळात शिरले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे, वर. "डावीकडे मोकळं," म्हटलं आणि वळवलं.

थोड्या वेळाने सर म्हणाले, "ते शिखर कसलं हो?"

"नागऱ्याचं शंकराचं देऊळ, सर. तुम्ही त्याच्याच शेजारी राहता."

"असं आहे होय ते." मग म्हणाले, "आणि ती हिरवी पट्टी?"

"उन्हाळी धान. वरच्या तळ्याचं पाणी."

"तळी किती आहेत इथे! एकाला लागून एक, जणू कुणी उतरत्या जमिनीवर पायरीने मांडलीत."

"आमच्या लोकांनी बांधली, सर. माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळची. केशोरीकडे अजून मोठी आहेत."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही खाली कधी पाहिलं नाही."

ते हसले. मग ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. तो रस्ता कुठला, ती बैलगाडी कुणाकडे चालली असेल, जंगल सुरू होतं ते तिथूनच का. दरवेळी आधी मी डावीकडे, उजवीकडे, वर पाहून घेत होते आणि मगच उत्तर देत होते. त्यांना थांबावं लागत होतं. ते थांबत होते.

उतरल्यावर रामेश्वर धावत आला. काच वर उचलून म्हणाला, "कसं वाटलं सर? बाई बराबर उडवते ना?"

सर पट्टे सोडत होते. म्हणाले, "मला काय माहीत. मी सगळा वेळ खालीच पाहत होतो."

रामेश्वरला ते उत्तर काही समजलं नाही. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी मागच्या सीटवर तशीच बसून राहिले. वर मी इतक्यांदा 'मोकळं' म्हटलं होतं, आणि पुढे एकदाही कपडे सळसळले नव्हते.